ग्रास विडो, मुक्काम कसबा पेठ

कसबा पेठेत बातमी चालत येत नाही, ती जिन्यावरून घरंगळत येते. सकाळी तिसऱ्या मजल्यावर कुणाचं दूध नासलं, तर अकराच्या आत सोजरबाईच्या भाजीच्या पाटीपाशी त्याचं पनीर होऊन ते दोघींनी चाखलेलंही असतं. अशा पेठेत हुस्नबानूनं पस्तीसेक वर्षं एकटीनं काढली आणि तिच्याबद्दल बोलण्याजोगं काही म्हणता काही सापडलं नाही, याचं सोजरबाईला आजही मनापासून वाईट वाटतं.

एकटीनं म्हणजे नवरा होता. चांगला धडधाकट होता. शमशुद्दीन त्यांचं नाव. लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच ते मस्कतला एसी दुरुस्तीच्या कंपनीत लागले, आणि त्यानंतर दर दोन वर्षांनी दोन महिने, एवढाच त्यांचा संसार. लेक झाली तेव्हा ते तिकडे, लेक शाळेत गेली तेव्हा तिकडे, लेकीचा निकाह झाला तेव्हा इकडे, पण परतीचं तिकीट खिशात. गेल्या दिवाळीच्या सुमारास मात्र ते कायमचे परत आले. पेठेनं पेढे खाल्ले. सोजरबाईनं कढीपत्ता फुकट दिला, ही तिच्या हिशेबी फार मोठी गोष्ट.

आणि खरी पंचाईत तिथून सुरू झाली.

ती काय झाली, हे हुस्नबानूला स्वतःलाच नीट उमगत नव्हतं. उमगलं ते एका रविवारी, आणि तेही इंग्रजीतून.

आलिमा, म्हणजे ती लेक, आता एका कॉलेजात इंग्रजी शिकवते. राहते विश्रांतवाडीला. रविवारी माहेरी येते, अम्मीच्या हातचं खाते आणि अम्मीला शहाणपण शिकवते. या घरात बोली दखनीची, पण कसब्यात चार पिढ्या काढल्यावर भांडण आणि लाड मराठीतच चांगले वठतात, हे सगळ्यांना ठाऊक झालेलं. तर त्या रविवारी हुस्नबानू स्वयंपाकघरात लसूण सोलत बसली होती. सोजरबाई मिरच्या द्यायला म्हणून वर आली होती आणि मिरच्या देऊन झाल्यावरही दारातच टेकली होती. शमशुद्दीन बाहेरच्या खोलीत, खुर्चीत, वर्तमानपत्रामागे.

"अम्मी, कॉलेजच्या अंकासाठी एका शब्दाची जन्मकहाणी लिहितेय. शब्द अगदी तुझ्यासाठीच केल्यासारखा आहे."

"इंग्रजांनी माझ्यासाठी शब्द केला? मग इतके दिवस कुणी पोचवला नाही तो?"

"ग्रास विडो."

"विडो म्हणजे विधवा ना गं?" हुस्नबानूचा आवाज एकदम खाली आला. "अब्बा बाहेर बसलेत. जिवंत आहेत. हळू बोल."

"गवताची विधवा. नवरा असून नसलेली. लांब गेलेल्याची बायको."

"मग त्यात गवत कुठून उगवलं?" सोजरबाईनं विचारलं. तिचा भाजीचा धंदा, पाल्याबद्दल काही निघालं की ती बोलणारच.

आलिमाला तेच हवं होतं. तिनं मांडी घातली आणि वर्गात सांगतात तसं सांगायला लागली. शब्द पाचएकशे वर्षांचा जुना. आधी तर ती शिवीच होती. लग्न न करता कुणी एखाद्या मुलीबरोबर राहिला आणि मग सोडून गेला, की मागे राहिलेल्या मुलीला तसं म्हणायचे. गवत बहुधा अंथरुणाचं. खऱ्या गादीवरचा संसार नव्हे, वाळक्या गवतावरचा. हे नक्की कुणालाच माहीत नाही, पण जर्मनीत त्याच बाईला पेंढ्याची विधवा म्हणतात, त्यावरून पंडितांचा तसा अंदाज.

"म्हणजे पळाला तो, आणि नाव पडलं तिला," हुस्नबानू म्हणाली. "तुझे ते इंग्रज मूळचे कसब्यातलेच असणार."

"मग ते इकडे आले, राज्य करायला. साहेब उन्हाळ्यात खाली मैदानात घाम गाळायचा आणि मडमेला पाठवायचा डोंगरावर, थंड हवेला. त्या मडमा म्हणजे ग्रास विडो. तिथं शिवी गेली आणि थट्टा आली."

"डोंगरावर मडमा करायच्या काय?" सोजरबाई पुढे सरकली.

"नाच, पार्ट्या, घोड्यावरून फिरणं. आणि लोक त्यांच्याबद्दल काय वाटेल ते बोलायचे."

"बघा, बानूभाभी! त्या बोलण्यासारखं काही करायच्या तरी."

"मला कुणी थंड हवेला पाठवलं असतं तर मीही घोड्यावर बसले असते," हुस्नबानू म्हणाली. "इथं उन्हाळ्यात पाण्याच्या टँकरमागे पळण्यात घोडा मीच झाले होते."

आलिमा हसत पुढे गेली. अमेरिकेत म्हणे सोन्याच्या खाणी सापडल्या तेव्हा पुरुष बायकापोरं मागे टाकून धावले. त्या बायकांनाही हाच शब्द. पुढे तिकडे घटस्फोट झालेलीलाही तोच लावायला लागले.

"सोनं मिळालं का त्यांना?"

"थोड्यांना. बरेच तर परतलेच नाहीत."

लसणाची पाकळी हुस्नबानूच्या बोटांत जरा वेळ तशीच राहिली. मग तिनं सोललेल्यांत टाकायची ती सालींत टाकली.

"आणि पुरुषांसाठीही आहे बरं का. ग्रास विडोअर. बायको बाहेरगावी, आणि हा घरी एकटा अंडं उकडतोय. हल्ली तर नवरा आठवडाभर ऑफिसच्या कामाला बंगलोरला गेला, की बायका म्हणतात, या आठवड्यात मी ग्रास विडो, चला, हॉटेलात जाऊ."

"आठवडाभर?" हुस्नबानूनं असं काही विचारलं, जसं पट्टीच्या पैलवानानं व्यायामशाळेत पहिल्यांदा आलेल्या पोराकडे बघावं.

सोजरबाई खो खो हसली. बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्राचं पान उलटलं गेल्याचा आवाज आला. तेवढाच.

"बरं, मास्तरीणबाई," हुस्नबानूनं विचारलं, "नवरा परत आला की त्या बाईला काय म्हणायचं?"

आलिमानं फोन काढला, इकडे तिकडे बोट फिरवलं, कपाळाला आठी घातली. "शब्द नाही. परत आला की ती नुसती बायको."

"सापडला तर सांग," हुस्नबानू म्हणाली, आणि लसणाची वाटी घेऊन उठली.

सोजरबाई खाली गेल्यावर आलिमानं आईला ओट्यापाशी गाठलं. "अम्मी, आता कशाचं दुःख आहे तुला? अब्बा आलेत ना घरी?"

"अब्बा आलेत गं," हुस्नबानू म्हणाली. "फोन यायचा बंद झाला."

हे आलिमाला कळायला अवघड होतं, कारण तिच्या आठवणीत फोन होताच. त्या आठवणीच्याही आधी होती कॅसेट.

मस्कतला जाणारा येणारा कुणी ओळखीचा निघाला, की त्याच्या सामानातून कॅसेट जायची. कॅसेट एकच. शमशुद्दीन तिच्यावर बोलून पाठवायचे. हुस्नबानू ती ऐकायची, पुन्हा ऐकायची, सासू झोपली की पुन्हा. मग परत जाणारा माणूस दारात उभा राहिला, की त्याच कॅसेटवर आपलं बोलणं भरून द्यायची. नवी कॅसेट आणता आली असती, पण दोघंही काटकसरी, आणि दोघांनाही वाटायचं की समोरच्याच्या हातातून आलेली वस्तूच परत जावी. म्हणजे उत्तर द्यायचं तर त्यांचा आवाज पुसायचा. बटण दाबताना दर वेळी तिचं बोट अडायचं. त्यात ती बोलायची थोडं. सासू, गॅस, पोरीचे दात एवढं सांगून झालं की ती संपायची. टेप मात्र उरायची, आणि त्या उरलेल्या शेपटीवर शमशुद्दीनचं जुनं बोलणं तसंच राहायचं. तिकडे ते बायकोचा आवाज ऐकत बसलेले असायचे, आणि मध्येच त्यांचा स्वतःचाच आवाज त्यांना सांगायचा, "तर बानू, स्वतःची काळजी घे." खोलीतले बाकीचे सहाजण पोट धरून हसायचे.

बोलायची त्यांची एक रीत होती. आधी कुठं बसलोय ते सांगायचं, मग तिथून काय दिसतंय ते, आणि मगच बाकीचं. पुढे घरात फोन आला, मग हातात फोन आला, तरी रीत तीच. शुक्रवारी नमाज झाली की त्यांना सुट्टी असायची. फोन नेहमी त्यांनीच करायचा, तो वाजायचा, हुस्नबानू तो घेऊन आतल्या खोलीच्या खिडकीत जायची आणि विचारायची, "कुठं बसलाय?" मग ते सांगायचे. ती मस्कतला कधी गेली नाही, पण त्यांच्या खिडकीतून दिसणारी पांढरी इमारत, तिच्यावरची पाण्याची टाकी, टाकीवर रोज भांडणारी दोन कबुतरं आणि मागचा तो काळा डोंगर तिला आपल्या बोळाइतका पाठ होता. डोंगरावर गवताचं पातंही नाही, असं ते नेहमी म्हणायचे. एक कबुतर मेलं तेव्हा तिनं इकडे उसासा टाकला होता.

काय बोलायचे नाहीत ते! पाण्याची टाकी साफ करायला आलेला माणूस कसा घसरला, कुणाच्या डब्यातला मासा कुणी खाल्ला, रात्री गच्चीवर झोपलं की कसं वाटतं, तिची आठवण आली की कुठं दुखतं. हे शेवटचं ते असं सांगायचे, की हुस्नबानूला दार लोटून घ्यावं लागायचं. तिचं सगळं लग्न त्या शुक्रवारांत होतं.

आणि आता तो माणूस घरात होता, समोर, खुर्चीत. त्याला कुठं बसलाय म्हणून कसं विचारायचं?

त्यांच्यात बोलणं व्हायचं ते असं:

"चहा?"

"चालेल."

"पंखा वाढवू?"

"नको, राहू दे."

बस. पहिला महिना तिला वाटलं, दमलेत. दुसऱ्या महिन्यात वाटलं, रुळतील. तिसऱ्या महिन्यात तिनं आणखी जोर लावून त्यांचं कौतुक केलं. सुट्टीवर यायचे तेव्हा करायची तसंच. सोनेरी कडेचा कप त्यांचा, घरात बाकी सगळ्यांना स्टीलचे पेले. जेवताना ताट त्यांचं आधी. बाजारात जायला निघाले तर, "तुम्ही कशाला, उन्हाचं?" पिशवी उचलली तर पिशवी काढून घ्यायची. पस्तीस वर्षं सुट्टीच्या दोन महिन्यांत तिनं हेच केलं होतं, हेच तिला येत होतं. महिने उलटत चालले तरी शमशुद्दीन घरात पाहुणे होते, आणि पाहुण्याला कळतं आपण पाहुणे आहोत ते.

मग फ्रिज बिघडला.

आता ऐका. ज्या माणसानं सगळा जन्म गार हवेची यंत्रं उघडण्यात घालवला, त्याच्या घरातला फ्रिज बंद पडला, आणि त्याच्या बायकोनं काय करावं? पलीकडच्या बोळातला मेकॅनिक बोलावला. का, तर यांना त्रास नको. यांचा आराम मोडायला नको. मेकॅनिक आला, फ्रिज भिंतीपासून ओढला, मागे डोकं घातलं. शमशुद्दीन दारात उभे होते. ते एकदा पुढे झाले, म्हणाले, "तो थर्मोस्टॅट..." हुस्नबानू लगेच म्हणाली, "तुम्ही बसा हो. तो बघतोय ना." ते जाऊन बसले. सोनेरी कडेच्या कपात चहा आला. त्यांनी तो प्यायला नाही.

त्याच संध्याकाळी त्यांनी मस्कतला फोन लावला. तिकडचा त्यांचा जुना सुपरवायझर वैजनाथ, मूळचा परळीकडचा. त्याच्या गोदामावर देखरेखीला भरवशाचा माणूस हवाच होता. तो म्हणाला, या, पण शुक्रवारपर्यंत नक्की सांगा.

हे त्यांनी बायकोला जेवताना सांगितलं. एका दमात.

"वैजनाथ बोलावतोय. शुक्रवारी कळवायचंय. जाईन म्हणतो."

"परत?"

"इथं मला काम काय आहे?"

हुस्नबानूच्या मनात पुष्कळ काही आलं. नका जाऊ, हे त्यातलं पहिलं. पण कुणाला सांगायचं नका जाऊ म्हणून? खुर्चीतल्या या मुक्या माणसाला थांबवून घेतलं, तर शुक्रवारचा तो माणूस कायमचा गेला. याला जाऊ दिलं, तर फोन सुरू होईल, पण मग आपण पुन्हा खिडकीत. आणि आता वयही असं, की पुढच्या सुट्टीला दोघंही असू याची खात्री कुणी द्यावी? तिनं त्यांना आणखी एक पोळी वाढली. त्यांनी ती पाहुण्यासारखी खाल्ली, म्हणजे नको असताना.

गुरुवारी शमशुद्दीन बाहेर गेल्यावर तिनं त्यांचे धुतलेले कपडे ठेवायला म्हणून बॅग उघडली. मोठी निळी बॅग, वर पांढऱ्या रंगात नाव आणि पुणे लिहिलेलं, दोरीच्या खुणा अजून तिच्यावर. ती पलंगाखालून ओढताना तिच्या मनात काही नव्हतं. शर्ट घडी करून बॅगेत. लुंग्या बॅगेत. दाढीचं सामान, टोपी, चष्म्याचं घर, सगळं बॅगेत. जाण्यासाठी भरलेलं नव्हतं ते. आल्या दिवसापासून ते तसंच राहत होते, आणि रोज तीच धुतलेले कपडे आणून त्या बॅगेत ठेवत होती.

तिनं उठून लोखंडी कपाट उघडलं. वरच्या कप्प्यात तिच्या साड्या आणि आलिमाची जुनी फ्रॉकं. खालच्यात भांडी. आणि मधला मोठा कप्पा गच्च भरलेला. वाघाचं चित्र असलेली दोन ब्लँकेटं, प्लास्टिकच्या वेष्टणातली. एक थर्मास, तीन अत्तरं, एक भिंतीवरचं घड्याळ, चादरींचे जोड, सरबताच्या पावडरीचा एक डबा, ज्याच्यावरची तारीख आलिमाच्या शाळेच्या दिवसांतली होती. सगळं मस्कतहून आलेलं, वापरायला जीव न झालेलं. त्यांनी आणलेल्या प्रत्येक वस्तूला या कपाटात जागा होती. त्यांना नव्हती.

हुस्नबानू त्या उघड्या कपाटासमोर जमिनीवरच बसली. ओढणी तोंडाला लावून थोडं रडली, आणि मग उठून तिनं कप्पा रिकामा केला. एक ब्लँकेट सोजरबाईला दिलं. सोजरबाईला वाटलं, नवरा जातोय म्हणून वाटप चाललंय. तिनं ही बातमी बोळाच्या दोन्ही टोकांना संध्याकाळच्या आत पोचवली.

शर्ट कप्प्यात लावून झाले. हे आता सांगायचं कसं, ते मात्र तिला सुचेना. रात्री ते दोघं शेजारी शेजारी बसले होते, टीव्ही चालू होता, आणि ती तीनदा म्हणाली, "ऐकलं का?" तिन्ही वेळा त्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिन्ही वेळा ती म्हणाली, "काही नाही."

शुक्रवार उजाडला. तिनं डाळ-मटणाचा दालचा रांधायला घेतला, कारण शुक्रवारी दालचाच असायचा, ते असोत वा नसोत. ते नमाजला गेले. नमाज सुटली. बोळातले पुरुष परतले, त्यांच्या टोप्या आणि गप्पा जिन्यातून वर गेल्या. शमशुद्दीन आले नाहीत. ती ओट्यापाशी उभी राहिली. मग दारात. मग आतल्या खोलीच्या खिडकीत, सवयीनं, कारण ही फोनची वेळ होती.

खिडकीतून समोरचं तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान दिसतं. दुपारची वेळ, म्हणजे ते बंद, हे पुण्यात वेगळं सांगायला नको. त्याच्या पायरीवर पांढऱ्या कुर्त्यातला एक माणूस बसला होता. पाठ जरा वाकलेली, टोपी गुडघ्यावर, हातात फोन, आणि फोनकडे नुसता बघत होता. जणू फोन लावायचाय आणि कुणाला लावायचा ते आठवत नाही.

हुस्नबानूनं आपला फोन उचलला. इतक्या वर्षांत तिनं त्यांना आपणहून कधी फोन केला नव्हता. फार तर एक रिंग देऊन ठेवून द्यायची, की मग तिकडून यायचा. आज तिनं पूर्ण वाजू दिला.

खाली पायरीवरचा माणूस दचकला. त्यानं फोन कानाला लावला.

"हॅलो?"

"कुठं बसलाय?" हुस्नबानूनं विचारलं.

रिक्षा गेली, तिचा आवाज तिला दोनदा ऐकू आला, एकदा खिडकीतून, एकदा फोनमधून. मग त्यांचा श्वास ऐकू आला. आणि मग तो आवाज आला, तोच, मस्कतचा, थोडा खालच्या पट्टीतला, ज्याच्यासाठी ती दार लोटून घ्यायची.

"दुकानाच्या पायरीवर बसलोय, बानू."

"काय दिसतंय?"

"काय दिसणार... समोर विजेचा खांब आहे. त्याच्यावर इतक्या तारा, की वीज कुठल्या घरी जायचं ते विसरत असेल. खांबाला एक सायकल टेकवलीय, तिला पुढचं चाक नाही. सोजरबाई पाटीवर ओलं पोतं टाकून झोपलीय, पण एक डोळा उघडा आहे. तिच्या मागे एक मांजर कोबी हुंगतंय."

हुस्नबानूला हसू आलं, आणि हसता हसताच डोळे भरले.

"अजून?"

"अजून... बानू, समोर बसून मला बोलायला येत नाही गं. घरी येतो, तू चहा देतेस, आणि माझं तोंड बंद होतं. तिकडे आठवडाभर मी मनात जमवायचो, हे बानूला सांगायचं, ते सांगायचं. इथं कुणासाठी जमवू? तू तर समोरच असतेस. आलिमा परवा तो पुरुषांचा शब्द सांगत होती ना? मी ऐकत होतो. तो मला मस्कतला लागू नव्हता. तिथं तू होतीस. इथं आल्यावर लागू झाला."

कॅसेटवर अशाच जागी ती संपायची. पण आज उरलेल्या टेपवर कुणाचा जुना आवाज नव्हता, आपणच बोलायला हवं होतं.

फोनमध्ये टुकटुक वाजलं.

"थांब, वैजनाथचा येतोय," ते म्हणाले.

"येऊ द्या. तुम्ही काय दिसतंय ते सांगा."

"तो वाट बघत असेल."

"मीही बघतेय."

टुकटुक बराच वेळ चालली. दोघांनीही ती ऐकली, मग ती थांबली.

"वर बघितलं तर," शमशुद्दीन अगदी हळू म्हणाले, "दुसऱ्या मजल्यावर एक खिडकी आहे. तिच्यात एक बाई उभी आहे. ओढणी खांद्यावरून घसरलीय, तिचं लक्ष नाही. केस पांढरे झालेत. मला कुणी सांगितलं नव्हतं एवढे पांढरे झालेत म्हणून. फोनवर कळत नाही ते." मग, "रडू नकोस. पलीकडच्या खिडकीतून बघतायत."

"बघू देत. इतकी वर्षं काही दिलं नाही त्यांना बघायला." हुस्नबानूनं ओढणीनं तोंड पुसलं आणि मग एका श्वासात, इतक्या वर्षांत त्यांना कधी लावला नव्हता अशा सुरात म्हणाली, "हे बघा, दालच्यावर घालायला कोथिंबीर नाही. येताना घेऊन या. आणि जुडी उघडून बघून घ्या, ती सोजरबाई आत पिवळी भरते. फ्रिजखाली परत पाणी साचलंय, त्या मेकॅनिकनं काय दिवे लावले कोण जाणे. जेवण झालं की तो ओढा आणि बघा काय ते. आणि तुमचे शर्ट मी कपाटात लावलेत, मधल्या कप्प्यात, बॅगेत शोधत बसू नका."

पायरीवरचा माणूस उठला. टोपी डोक्यावर घातली, ती नीट केली. फोन कानाला तसाच.

"किती जुड्या?" त्यांनी विचारलं.

"एक. दोन माणसांना किती लागते?"

सोजरबाईनं उघडा डोळा आणखी उघडला. शमशुद्दीन पाटीपुढे उकिडवे बसले, पोतं बाजूला केलं, आणि जुडी सोडून पानन्‌पान बघायला लागले. "अहो, ताजी आहे!" ती ओरडली. ते म्हणाले, "घरून हुकूम आहे." तिला ते वाक्य समजलं नाही, कारण तिच्या माहितीप्रमाणे ते जायला निघालेले होते.

कोथिंबीर अर्धी पिवळीच निघाली. हुस्नबानूनं ती निवडताना त्यांना खूप सुनावलं, आणि चहा स्टीलच्या पेल्यात दिला. फ्रिज उशिरापर्यंत स्वयंपाकघराच्या मधोमध उघडा पडला होता. वैजनाथला काय कळवलं, ते शमशुद्दीननी बोलून दाखवलं नाही, तिनंही विचारलं नाही. निळी बॅग माळ्यावर गेली, एवढं मात्र पेठेला दिसलं.

सगळं आलबेल झालं असं मात्र कुणी समजू नये. घरात ते आजही फारसं बोलत नाहीत. ती अधूनमधून विसरते आणि सोनेरी कडेचा कप काढते. आणि कधी कधी, ते शेजारीच निजलेले असताना, हुस्नबानूला मस्कतच्या त्या उजाड डोंगराची आठवण येते, जो तिनं कधी पाहिला नाही. 'बानू' अशी ती हाक त्या डोंगरावरूनच यायची, इतक्या जवळून येत नाही. आलिमाला तो शब्द अजून सापडलेला नाही.

पण शुक्रवारी नमाज सुटली की शमशुद्दीन सरळ वर येत नाहीत. कधी दुकानाच्या पायरीवर, कधी गणपतीच्या देवळापलीकडच्या पारावर, एकदा तर नदीकाठी जाऊन, ते फोन कानाला लावून बसतात. हसतात. हातवारे करतात. मान खाली घालून काहीतरी असं बोलतात, की कान लाल होतात.

हे सोजरबाईनं तीन शुक्रवार डोळ्यांत तेल घालून पाहिलं. पस्तीस वर्षांनी या घराबद्दल काहीतरी हाती लागलं होतं. चौथ्या शुक्रवारी तिच्यानं राहवलं नाही. ती जिना चढून वर आली, धापा टाकत दारात टेकली. हुस्नबानू नुकतीच आतल्या खोलीतून बाहेर येत होती, हातात फोन, चेहरा उजळलेला.

"बानूभाभी, सांगू का नको असं झालंय. पण तुम्ही माझ्या बहिणीसारख्या. तुमचे साहेब दर शुक्रवारी बाहेर बसून कुठल्यातरी बाईशी फोनवर बोलतात. तास तास! मी माझ्या डोळ्यांनी लाजताना बघितलंय त्यांना. मस्कतचीच असणार, मी सांगते."

हुस्नबानूनं फोन हळूच ओढणीखाली घेतला.

"असेल हो," ती म्हणाली. "इतकी वर्षं तिकडे होते, असेल कुणीतरी." आणि मग सोजरबाईकडे जरा वाकून, "दिसायला कशी आहे, काही कळलं का?"